पुष्पकचा सायलेन्सर

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मग काय, आता आमची गाडी तूच दुरुस्त करणार ना?" आता यांना कसं सांगायचं की आम्हाला ओटो सायकलची एफिशियन्सी काढता येते, पी-व्ही डायग्राम तर झोपेतून उठवलं तरी काढता येतो, पण कार्ब्युरेटर उघडायचा म्हटलं की कोपऱ्यावरचा गॅरेजवालाच आठवतो! पुस्तकातलं इंजिन आणि रस्त्यावरचं इंजिन यांची गाठ आमच्या अभ्यासक्रमात फारशी पडत नाही. माझी ती पडली एका डब्याच्या गाडीमुळे. हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने ती गाडी पाहिलेली आहे, निदान तिचा आवाज तरी ऐकलेला आहे. होय, तीच. आपली पुष्पक!

फर्स्ट इयरच्या मित्रांसाठी थोडी ओळख करून देतो. रोज दुपारी साडेबाराला आणि रात्री साडेआठला हॉस्टेलच्या गेटवर एक तीनचाकी मोटरसायकल येते. समोरून पाहिलं तर २०१२ सालची साधी १२५ सीसीची बाईक. मागे मात्र एका चाकाऐवजी दोन चाकं, मध्ये रिक्षाचा डिफरन्शियल आणि त्यावर पत्र्याची मोठी पेटी. या पेटीत कितीही डबे भरले तरी आणखी एक डबा मावतोच, म्हणून नाव पडलं पुष्पक. चालवणारे आपले डबेवाले दादा. त्यांचा उजवा पाय पोलिओने गेलेला, म्हणून उजव्या पायाचा ब्रेक हाताच्या दांडीवर घेतलाय. स्वयंपाक वहिनींचा, वाटप दादांचं आणि हिशेबाची वही बारावीतल्या मुलीची, असा तिघांचा कारभार मारुंजीच्या दोन खोल्यांतून चालतो.

दादा मूळचे मुळशी तालुक्यातले, जन्म १९७९ चा. दीड वर्षाचे असताना ताप आला आणि जाताना पाय घेऊन गेला. आपल्या देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली १९९५ मध्ये, शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. आपल्या पिढीने दोन थेंब घेतले आणि विसरून गेलो. दादांच्या वेळी ते थेंब गावापर्यंत पोचले नव्हते, एवढाच काय तो आपल्यात आणि त्यांच्यात फरक.

आता मुद्द्यावर येतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये सलग आठ दिवस पुष्पक आली नाही. पहिले दोन दिवस आम्ही मेसच्या नावाने बोटं मोडत जेवलो. तिसऱ्या दिवशी मी आणि माझा रूममेट मारुंजीला चौकशीला गेलो. दादा खाटेवर बसलेले, उजव्या पोटरीला पट्टी. लक्ष्मी चौकाच्या जाममध्ये वीस मिनिटं गाडी जागची हलली नव्हती. पाय घसरून सायलेन्सरला टेकला आणि तळहाताएवढा भाजला.

"मग पाय बाजूला का नाही घेतला?" रूममेट विचारून गेला.

दादा हसले. "अरे, माझा पाय काय आपणहून बाजूला होतो का? हाताने उचलून ठेवावा लागतो. उजव्या हातात ॲक्सिलेटर, त्याच हाताशी ब्रेकची दांडी. चौकात थोडा चढ आहे. हात सोडला तर गाडी मागच्या कारवर जाणार, नाही सोडला तर पाय भाजणार. मी कारवाल्याचं नुकसान वाचवलं, दुसरं काय!"

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की आम्हाला पुढे काय बोलावं ते सुचेना. मग वहिनी आतून म्हणाल्या, "दर उन्हाळ्याला हेच चालतंय. ह्या वेळी जास्त भाजलं, एवढंच."

डॉक्टरांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे पोलिओ झालेल्या पायात रक्तपुरवठा कमी असतो, तो पाय नेहमी गार पडतो आणि त्यावरची जखम भरायला वेळ लागतो. दुसरी म्हणजे पुन्हा त्याच जागी भाजलं तर प्रकरण कठीण होईल, तेव्हा गाडी बदला किंवा बंद करा. गाडी बंद म्हणजे पंचेचाळीस डबे बंद, आणि डबे बंद म्हणजे मुलीची पुढची ॲडमिशन बंद. नवीन गाडी घेऊन तिला पुन्हा तीन चाकं बसवून घ्यायची तर त्याचा खर्च वेगळाच. हिशेबाची वही समोरच होती. त्यात हा खर्च कुठे बसत नव्हता.

गॅरेजवाल्याने मात्र एक स्वस्त उपाय सुचवला होता. "जुना सायलेन्सर काढून टाका, फ्री-फ्लो बसवा. धूर मोकळा जाईल, इंजिन थंड राहील. वर बुलेटसारखा आवाज येईल तो फुकटात!" हॉस्टेलच्या अर्ध्या मुलांचं मत हेच पडलं. आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की प्रत्येक जण एक्स्पर्ट असतो. दादांनाच ते पटलं नव्हतं. "मला नको तो आवाज. मी सोसायटीत डबा द्यायला जातो, वरात घेऊन नाही जात."

माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला. सायलेन्सर बदलल्याने इंजिन खरोखर थंड होतं का? आणि इंजिन थंड झालं, तर दादांचा पाय वाचतो का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे समजायला मला आमच्या आय.सी. इंजिनच्या जर्नलची मदत झाली. (जर्नल सबमिशननंतर कोणाच्या उपयोगी पडल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असेल!)

ढोबळ हिशेब असा. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी साधारण पाव ते तीस टक्के भाग चाकापर्यंतच्या कामाला लागतो, साधारण एक तृतीयांश एक्झॉस्टमधून बाहेर जातो आणि बाकीचा सिलिंडरच्या भिंती आणि पाती यांतून हवेत जातो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते. संध्याकाळच्या गर्दीत मारुंजीहून हॉस्टेलपर्यंतच्या पाच किलोमीटरला पुष्पक चाळीस मिनिटं आणि सुमारे पाव लिटरला थोडं कमी, म्हणजे २०० मिली पेट्रोल घेते. म्हणजे ६.४ मेगाज्यूल. त्यातला एक तृतीयांश एक्झॉस्टचा, म्हणजे २.१ मेगाज्यूल. भागिले २४०० सेकंद. उत्तर येतं जवळजवळ ९०० वॅट.

९०० वॅट म्हणजे किती? आपल्या हॉस्टेलमध्ये रेक्टर सर दर महिन्याला जप्त करतात ती पाणी तापवायची कॉइल १००० वॅटची असते. म्हणजे एक पेटती कॉइल पोटरीशेजारी बांधून दादा रोज दोनदा हिंजवडी पार करत होते! आता यातली सगळी उष्णता काही पायाकडे येत नाही, बरीचशी धुराबरोबर मागे निघून जाते. पण पाइप तापायला उरते ती काही कमी नसते.

आणि सायलेन्सर कोणताही बसवा, हे ९०० वॅट कुठे जाणार? पेट्रोल तेवढंच जळतंय तोवर ते येतच राहणार. सायलेन्सरने फार तर त्यांची वाट बदलते.

पुढच्या रविवारी एच.ओ.डी. सरांची परवानगी काढून पुष्पक कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणली. दादांची एकच अट होती, "फुकट काम नको." शेवटी असं ठरलं की सामानाचे पैसे दादा देणार आणि आमच्या मजुरीपोटी चौघांना एक महिना रविवारी पुरणपोळी. एवढी चांगली ऑफर कॅम्पसमध्ये कुठल्या कंपनीने दिली नसेल.

वर्कशॉपमधल्या मामांनी (लॅब असिस्टंटना आपण सगळे मामाच म्हणतो) सुरुवातीलाच एक धडा दिला. मी बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन निघालो होतो. मामा म्हणाले, "तो ठेव. क्रोम चकचकीत आहे, एमिसिव्हिटी कमी. पाइप दोनशेवर असेल आणि हा तुला सत्तर दाखवेल. थर्मोकपल लाव." हीट ट्रान्सफरच्या पेपरात एमिसिव्हिटीची व्याख्या दोन मार्कांना असते. मामांनी ती आयुष्यभराची करून टाकली. आम्ही के-टाइप थर्मोकपल दोन ठिकाणी बांधले. एक स्पार्क प्लगच्या वॉशरखाली, म्हणजे इंजिनच्या डोक्याचं तापमान कळावं म्हणून. दुसरा पाइपवर, पोटरी येते नेमका तिथे.

दादांची जखम अजून ओली होती, म्हणून गाडी चालवायला वर्कशॉपमधलेच एक सर बसले. दादा मागे पेटीला टेकून सूचना देत होते. वेळ मुद्दाम संध्याकाळी सातची घेतली, कारण जाम नसेल तर प्रयोगाला अर्थ नव्हता. हिंजवडीत एरवी सगळ्यांना चुकवायची असते ती ट्रॅफिक आम्ही शोधत निघालो होतो! मेट्रोच्या खांबांखालून, बसच्या मागे, फर्स्ट गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून. वीस मिनिटांनी आकडे आले. प्लगखाली सुमारे २०५ अंश, पाइपवर सुमारे २२०.

गाडी नीट पाहिल्यावर कारणं हळूहळू दिसायला लागली. पहिलं कारण अगदी समोर होतं. पावसात पायांवर चिखल उडू नये म्हणून तीन चाकं बसवताना कोणीतरी पुढे पत्र्याची ढाल आणि रेक्झिनचा पडदा लावला होता. पाय कोरडे राहिले, पण इंजिनची हवा बंद झाली. मोटरसायकलच्या इंजिनला पंखा नसतो. गाडी पळते, समोरून वारा लागतो आणि पात्यांमधून उष्णता निघून जाते, एवढाच तिचा कूलिंग सिस्टीमचा संसार. इथे गाडी पळत नव्हती आणि जो थोडा वारा येत होता तो ढाल अडवत होती. भरीला पात्यांच्या फटींत तेल आणि चिखल यांचा थर वाळून बसला होता.

ऑटोरिक्षा बघा. आकुर्डीच्या बजाजने १९७७ मध्ये इंजिन मागे असलेली रिक्षा आणली. इंजिन मागच्या बंद खोक्यात, तिथे वारा लागायचा प्रश्नच नाही. म्हणून त्या इंजिनला हवा मारणारा पंखाच जोडलेला असतो आणि पत्र्याच्या आवरणातून ती हवा पात्यांवर सोडलेली असते. स्कूटरचंही तेच. ज्यांनी तीन चाकांची गाडी मुळातून तशी आखली, त्यांनी हा विचार आधीच करून ठेवला होता. आपण दोन चाकांच्या गाडीला तिसरं चाक लावतो तेव्हा वजन वाढतं, वेग कमी होतो, गिअर खालचा लागतो आणि कूलिंग मात्र जुन्याच हिशेबाचं राहतं.

दुसरं कारण सायलेन्सरचं. तो काढून हलवला तर आत खुळखुळ वाजलं. आतली एक जाळी तुटून आडवी पडली होती आणि काजळी व गंज यांनी वाट निम्मी बुजली होती. वाट बुजली की जळका धूर पूर्ण बाहेर पडत नाही, थोडा सिलिंडरमध्येच राहतो, पिस्टनला तो ढकलायला जादा कष्ट पडतात आणि इंजिन तापतं. म्हणजे गॅरेजवाल्याचं निदान अगदीच चुकीचं नव्हतं. सायलेन्सर बदलायला हवाच होता. प्रश्न एवढाच, की कुठला बसवायचा.

फ्री-फ्लोच्या बाबतीत मामांनी आणि पुस्तकांनी एकच सांगितलं. एक्झॉस्ट म्हणजे नुसतं भोक नव्हे. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून पळते, टोकाला आपटून परत येते आणि ती केव्हा परत येते यावर पुढचा धूर ओढला जाणार की अडणार हे ठरतं. पाइपची लांबी आणि जाडी त्या हिशेबाने काढलेली असते. बजाजने २००० च्या दशकात 'एक्झॉसटेक' नावाने पाइपला एक छोटी चेंबर जोडली होती, ती याच लाटेचा उपयोग करून कमी आरपीएमला टॉर्क वाढवण्यासाठी. कार्ब्युरेटरच्या गाडीला नुसता मोकळा पाइप लावला आणि जेट तसाच ठेवला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं लीन मिक्श्चर होऊ शकतं, आणि त्याने इंजिन थंड व्हायच्या ऐवजी आणखी तापतं. शिवाय कायदा आहेच. आवाज आणि धूर यांच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड होतो. पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात पाहिलेले आहेत. दादांच्या आर.सी.वर तीन चाकांची नोंद रीतसर झालेली होती. कायद्यात पूर्वी अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द जाऊन 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. एवढ्या खटपटीने मिळवलेली ती नोंद एका फटफटाटासाठी धोक्यात घालायची आमची कोणाची तयारी नव्हती.

म्हणून ठरलं की सायलेन्सर कंपनीच्याच मापाचा, नवा. नाना पेठेत जाऊन तो आणला. पण त्याआधी मामांनी आणखी एक नियम घातला. "एका वेळी एकच बदल. सगळं एकदम बदलाल तर कशाने फरक पडला ते कळणार नाही." पहिल्या रविवारी फक्त ढालीत आडव्या झडपा कापल्या आणि पाती रॉकेलने धुतली. सायलेन्सर जुनाच ठेवला. संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता, तोच जाम. प्लगखालचं तापमान २०५ वरून सुमारे १८७ वर आलं. पुढच्या रविवारी नवा सायलेन्सर बसवला. तापमान १८० च्या आसपास. म्हणजे इंजिन जे २५ अंश थंड झालं, त्यातले १८ अंश मोकळ्या हवेचे आणि सायलेन्सरचे जेमतेम ७! सगळं हॉस्टेल ज्या सायलेन्सरवरून भांडत होतं, त्याचा वाटा सगळ्यात लहान निघाला.

आणि पाइप? नव्या सायलेन्सरनेही पोटरीजवळ २०० अंशांच्या वरच होता. इंजिन थंड झालं, पण पाय होता तिथेच होता.

इथे मला एक जुना अभ्यास वाचायला मिळाला. १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजलं होतं. ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना सुमारे पाच सेकंद. आपण चटका बसला की अर्ध्या सेकंदात पाय काढतो, म्हणून सायलेन्सर दोनशे अंश असला तरी आपलं बहुतेक वेळा निभावतं. दादांना पाय उचलायला हात मोकळा करावा लागतो, ब्रेकचा विचार करावा लागतो, त्यात चार-पाच सेकंद सहज जातात. त्यांच्यासाठी ६० अंशसुद्धा जास्तच. आम्ही मर्यादा ठरवली ५० अंश.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. पोलिओत स्नायू जातात, स्पर्श जात नाही. दादांना चटका कळतो, पाय हलवता येत नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसाचं याहून अवघड असतं. त्याला चटका कळतच नाही. खडकीला १९७४ पासून जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे असे अनेक जण राहून गेलेत, राहतात. त्यातला कोणी अशी गाडी चालवत असेल, तर भाजल्याचं त्याला घरी गेल्यावर पँट काढताना समजणार.

मग काम सुरू झालं. पाइपची वाट पायाशेजारून काढून चासीखालून, मागच्या दोन चाकांच्या मधे न्यायची होती. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडे पाइप वाकवून घेतला. त्याने पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि मग तापवून वाकवला. वाळू नसती तर वळणावर पाइप चपटा झाला असता आणि आत पुन्हा वाट अडली असती. हे त्याला कोणी कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. स्पीडब्रेकरला घासू नये म्हणून उंची दोनदा मोजली. आमच्यातल्या एकाने सुचवलं, "पाइप पेटीच्या तळाला चिकटवू, डबे आपोआप गरम राहतील!" दादा म्हणाले, "भाजी आंबेल, मग तूच खा." पेटीखालीही पत्रा लावला.

इंजिनपासून वळणापर्यंतचा पाइप मात्र पायाजवळूनच जाणार, त्याला इलाज नव्हता. तिथे स्टेनलेस स्टीलच्या एक मिलिमीटर पत्र्याची ढाल केली, पाइपपासून १२ मिलिमीटर अंतरावर. ढालीची खालची आणि वरची बाजू मुद्दाम उघडी ठेवली. मधली हवा तापते, वर जाते, खालून गार हवा येते. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं, पंखा नको, बॅटरी नको. ढाल फक्त तीन ठिकाणी टेकवली, कारण प्रत्येक बोल्ट म्हणजे उष्णतेला एक पूल. पाइपला पट्टी गुंडाळायचा विचारही निघाला होता. पण तिच्यात पावसाचं पाणी मुरून राहतं आणि साधा पाइप आतल्या आत गंजतो. हिंजवडीच्या पावसाळ्यात ती एक सीझन टिकली नसती.

शेवटच्या चाचणीला हवेचं तापमान ३३ अंश होतं. वीस मिनिटांच्या जामनंतर ढालीची बाहेरची बाजू सुमारे ४६. आत पाइप तसाच, दोनशेच्या वर. रेडिएशन तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. २२० अंशांचा पृष्ठभाग ५० अंशांच्या तशाच पृष्ठभागाच्या जवळजवळ साडेपाच पट उष्णता फेकतो. स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम मी तीनदा पाठ केला होता. तो दादांच्या पोटरीवर लागू होताना पाहिला तेव्हा कळला. प्लगचा रंग पाहिला, छान विटकरी होता, म्हणजे मिक्श्चर बरोबर. पी.यू.सी. निघाली. ॲव्हरेज लिटरमागे तीन किलोमीटरने वाढल्याची नोंद मुलीने वहीत केली. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ मध्ये, दादा एकदाही भाजले नाहीत.

आता थोडं आपल्याबद्दल. आय.सी. इंजिनच्या प्रॅक्टिकलला आपण हीट बॅलन्स शीट भरतो. ब्रेक पॉवरला इतके टक्के, कूलिंगला इतके, एक्झॉस्टला इतके, आणि शेवटची ओळ असते 'अनअकाउंटेड हीट'. शंभरातून बाकीचे वजा करून जे उरेल ते तिथे लिहायचं. रेडिएशन वगैरे, असं ओरलला सांगायचं की सर पुढचा रोल नंबर बोलावतात. मीही दर वेळी तसंच भरत आलोय, सगळेच भरतात. पण ती उष्णता हिशेबात नसली तरी कुठेतरी जातच असते. कधी भिंतीला, कधी हवेला, कधी फर्नेसशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या चेहऱ्याला, तर कधी जाममध्ये अडकलेल्या एखाद्याच्या पायाला. आपल्यापैकी बरेच जण उद्या इथल्याच पट्ट्यात, चाकण-तळवड्याच्या कंपन्यांत गाड्यांची डिझाइन करायला लागतील. तिथे गाडी तपासताना मॉडेल म्हणून जो माणूस धरलेला असतो तो पाय झटकन उचलणारा असतो. जो उचलू शकत नाही त्याच्यासाठी १२ मिलिमीटरची फट आणि एक पत्रा लागतो. त्याला काही फार मोठं संशोधन लागत नाही, कोणीतरी जाऊन विचारावं लागतं, एवढंच.

ज्युनियर्ससाठी एक व्यावहारिक सूचना. बी.ई. प्रोजेक्टसाठी विषय शोधत दिल्ली-मुंबईचे रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेऊ नका. मारुंजी, माण, वाकड या भागात अशा तीनचाकी गाड्या चालवणारे बरेच जण आहेत. त्यांना थांबवून विचारा की गाडीचा त्रास काय होतो. कोणाचा ब्रेक जड असेल, कोणाला रिव्हर्स हवा असेल, कोणाची कुबडी ठेवायला जागा नसेल. मामांना भेटा, थर्मोकपल कपाटात डावीकडे आहे. आणि मजुरी आधी ठरवून घ्या. वहिनींची पुरणपोळी एक महिनाच ठरली होती, दुसऱ्या महिन्यापासून रीतसर पैसे पडतात!